वर्गांतील मौन आणि उत्तराचें यंत्र

“समजलें ना?” असें शिक्षकांनीं विचारावें आणि साऱ्या वर्गानें नंदीबैलाप्रमाणें मान डोलवावी, हा प्रकार आपल्या शाळांतून नित्याचाच होऊन बसला आहे. ज्यांना समजलें ते मान डोलवितात. ज्यांना समजलें नाहीं तेही लाजेस्तव डोलवितात. धडा पुढें सरकतो, आणि मुलाचें न समजणें परीक्षेचा निकाल लागेपर्यंत झांकलेलें राहतें.

या दुखण्यावर उपयोगी पडेल असें एक साधन आतां प्रचारांत आलें आहे. त्यास क्लिकर म्हणतात. शिक्षकांनीं प्रश्न व त्याचीं तीन-चार संभाव्य उत्तरें पुढें मांडलीं कीं प्रत्येक विद्यार्थ्यानें आपल्या हातांतील लहानशा यंत्राचें बटण दाबावयाचें. किती जणांनीं कोणतें उत्तर निवडलें, याचा आलेख क्षणांत पडद्यावर उमटतो. पण कोणाचें उत्तर कोणतें, हें वर्गास कळत नाहीं. मोबाईलवरही हें काम होतें. यामुळें तास रंजक होतो, असें त्याचे चाहते म्हणतात. आमच्या मतें रंजकता हा त्याचा गौण गुण होय. गप्प बसणाऱ्या मुलास वाचा देणें, हा मुख्य.

अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत पदार्थविज्ञान शिकविणारे प्राध्यापक एरिक मझूर यांचा अनुभव येथें बोधप्रद आहे. त्यांचे विद्यार्थी अवघड गणितें सोडवीत. परंतु साध्या भाषेंतील मूलभूत प्रश्न पुढें येतांच त्यांपैकीं अनेकांची गाडी अडली. असा एक प्रश्न पाहा: मालमोटार व लहान मोटार समोरासमोर आदळल्या, तर अधिक जोर कोणाचा? न्यूटनचा तिसरा नियम मुखोद्गत असूनही पुष्कळ जण “मालमोटारीचा” असें सांगतात. वस्तुतः दोन्ही जोर समान असतात. लहान मोटारीचें वस्तुमान कमी, म्हणून तिची दुर्दशा अधिक. १९९१ सालापासून मझूर यांनीं पद्धत बदलली. प्रश्न घालून ते प्रत्येकाचें उत्तर घेत. मग बरोबर उत्तर न सांगतां, शेजाऱ्यास आपलें म्हणणें पटवून देण्यास सांगत. आणि तोच प्रश्न पुन्हां घालीत. दुसऱ्या खेपेस बरोबर उत्तरें बहुधा वाढत.

कोणी म्हणेल, दुबळ्यानें हुशाराचें उत्तर उचललें, एवढेंच! या शंकेचें निरसन कोलोरॅडो विद्यापीठांतील अनुवंशशास्त्राच्या वर्गावरील एका अभ्यासानें केलें आहे. तो २००९ सालीं ‘सायन्स’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. चर्चेनंतर त्याच तत्त्वावरील नवा प्रश्न प्रत्येकास एकट्यानें सोडविण्यास दिला, तेव्हांही उत्तरें सुधारलेलीं आढळलीं.

तात्पर्य, गुण यंत्राचा नव्हे. चांगल्या प्रश्नाचा आणि त्यामागून होणाऱ्या संवादाचा आहे. म्हणून दोन पथ्यें पाळावींत. एक, या उत्तरांना परीक्षेचे गुण जोडूं नयेत. जोडले कीं मूल स्वतः विचार करण्याचें सोडून शेजाऱ्याच्या बोटाकडे पाहूं लागतें. दुसरें, घाईची शर्यत लावूं नये. ‘कहूट’ या लोकप्रिय खेळांत सहसा त्वरित उत्तरास अधिक गुण मिळतात. उजळणीची मौज म्हणून तें ठीक. पण सावकाश विचार करणारें मूल तेथें पुन्हां मागेंच राहतें.

खर्चाची धास्ती पालकांनीं बाळगूं नये. ‘प्लिकर्स’ या पद्धतींत विद्यार्थ्यापाशीं केवळ एक छापील पुठ्ठा असतो. तो ज्या बाजूनें वर धरावा, त्याप्रमाणें चारांपैकीं एक उत्तर ठरतें, आणि एकट्या शिक्षकांचा मोबाईल साऱ्या वर्गाचे पुठ्ठे वाचतो. तेंही न जमल्यास डोळे मिटून छातीशीं धरलेलीं बोटें पुरेशीं आहेत.

खरी किंमत निराळीच आहे. अर्धा वर्ग चुकला असें दिसतांच शिक्षकांस धडा थांबवून मागें वळावें लागेल. अभ्यासक्रम पुरा करण्याच्या धांदलींत यास धैर्य लागतें. पालकहो, मूल घरीं आल्यावर “किती गुण मिळाले?” असें विचारण्याऐवजीं “आज काय चुकलें, आणि तें कसें उमगलें?” असें विचारा. आणि विद्यार्थिमित्रहो, समजलें नसेल तेव्हां तरी मान डोलवूं नका.