परदेशी सासर आणि कागदांची शिदोरी



आपल्या आजीच्या काळी मुलीचे सासर म्हणजे फार तर दोन दिवसांच्या वाटेवरचे गाव असे. पाठवणीच्या वेळी आई तिच्या ट्रंकेत चार लुगडी, एखादे तांब्याचे भांडे आणि जपमाळ घाली व डोळे पुसून गाडी हाकावयास सांगे. आज वसईच्या वाडीतील, नगर जिल्ह्यातील (आताचा अहिल्यानगर) एखाद्या खेड्यातील, किंवा येथे उज्जैनमध्ये दोन-तीन पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबातील मुलीचे सासर न्यू जर्सीस वा टोरांटोस असू शकते. अशा वेळी लुगड्यांच्या आधी कागद गोळा करावे लागतात. विवाह देवासमक्ष आणि मंडळीसमक्ष झालेला असतो. परंतु सीमा ओलांडण्यासाठी तो एका अनोळखी अधिकाऱ्यासमोर सिद्ध करावा लागतो. या विषयावर लिहावे, अशी विनंती काही घरांतून आली. ती रास्त असल्यामुळे आजचा लेख त्यासाठी योजिला आहे.

कागदपत्रांचा प्रश्न हा धर्माबाहेरचा आहे, असे कोणी मानू नये. तोबीतच्या पुस्तकात तरुण तोबिया निनवेहून दूर एकबताना नगरीत जातो आणि तेथे त्याचा सारेशी विवाह ठरतो. त्या वेळी मुलीचा पिता केवळ आशीर्वाद देऊन थांबत नाही. तो लिहिण्याचे साहित्य मागवून विवाहाचा करार लिहून काढतो, आणि मग सर्वजण भोजनास बसतात. मुलगी परमुलखी जाणार असेल तर लेखी पुरावा हवा, हे त्या वृद्धास ठाऊक होते. औगुस्त कैसराची आज्ञा निघाली तेव्हा संत योसेफही वाग्दत्त मरियेसह नाव नोंदविण्यासाठी बेथलेहेमास गेला. पवित्र कुटुंबास जी रांग चुकली नाही, ती आपणांस चुकेल अशी अपेक्षा का करावी?

प्रथम कोणते कागद लागतात ते पाहू. आपल्या लोकांत अमेरिकेचे उदाहरण अधिक आढळते, म्हणून तेच घेतो. पती तेथील नागरिक असेल, तर तो आधी तेथील शासनाकडे पत्नीसाठी अर्ज करतो. तो मंजूर झाल्यावर कागदपत्रांची छाननी होते आणि शेवटी मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकन वकिलातीत मुलाखत होते. मुलाखतीस चालू मुदतीचा पासपोर्ट, भेटीचे पत्र, ऑनलाइन भरलेल्या अर्जाची पोच, ठरावीक मापाची छायाचित्रे, जन्माचा दाखला, विवाहाचा दाखला, पासपोर्ट कार्यालयाकडून मिळणारा पोलिसांचा निर्वेधतेचा दाखला, आणि पतीने दिलेले पालनपोषणाचे हमीपत्र, त्याच्या प्राप्तिकराच्या कागदांसह, लागते. कोणाचा पूर्वी विवाह झाला असेल तर घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा आधीच्या जोडीदाराच्या मृत्यूचा दाखला लागतो. वैद्यकीय तपासणी वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच आणि मुलाखतीपूर्वी करावी लागते. तेव्हा उज्जैनहून रात्रीच्या अवंतिका एक्सप्रेसने निघावे, सकाळी मुलाखत आटोपावी आणि संध्याकाळी परत फिरावे, हा बेत चालत नाही. मोबाइल आणि मोठ्या पिशव्या वकिलातीत नेता येत नाहीत, हेही आधीच ध्यानी ठेवावे.

प्रत्येक कागदाची मूळ प्रत आणि छायाप्रत अशा दोन वेगळ्या जुड्या कराव्यात. हिंदी वा मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर करून घ्यावे, आणि ते अचूक आहे व आपण दोन्ही भाषा जाणतो, असे भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यावे. तारखांविषयी विशेष सावध असावे. ज्या उज्जयिनीच्या रेखेवरून प्राचीन गणिती काळाचे माप घेत, त्या नगरीतील रहिवाशांनी तरी तारखेत घोटाळा करू नये! आपण आधी दिवस लिहितो, मग महिना. अमेरिकन मनुष्य आधी महिना लिहितो. ३ एप्रिलचा विवाह त्यांच्या रीतीने वाचल्यास ४ मार्चचा होतो. म्हणून शक्य तेथे महिना अक्षरांत लिहावा.

आता विवाहाच्या दाखल्याकडे वळू. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यान्वये कॅथलिक धर्मगुरूने लावलेला विवाह महागुरुस्वामींनी ठरविलेल्या नमुन्यात नोंदला जातो आणि दर तीन महिन्यांच्या नोंदींचा तक्ता शासनाच्या महानिबंधकाकडे पाठवावयाचा असतो. शिवाय १४ फेब्रुवारी २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचा आदेश राज्यांना दिला. तेव्हा चर्चच्या दाखल्यावर न थांबता नगरपालिकेचा वा निबंधकाचा दाखलाही वेळीच काढून ठेवावा. इतर काही देश या दाखल्यावर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची ‘अपोस्टिल’ नावाची मोहोर मागतात. भारत त्या करारात २००५ पासून सहभागी आहे. मोहोर लागते की नाही, हे त्या त्या देशाच्या वकिलातीकडूनच जाणून घ्यावे. दलालाच्या सांगण्यावर पैसे टाकू नयेत.

परंतु खरी अडचण बहुधा नावात असते. आपल्या चालीप्रमाणे पहिले बाळंतपण माहेरी. मूल जन्मते एका गावी, स्नानसंस्कार होतो तेथल्याच चर्चमध्ये, आणि शाळा होते दुसऱ्या प्रांतात, दुसऱ्या भाषेत. स्नानसंस्काराचे नाव एक, हाक मारण्याचे दुसरे, शाळेच्या पटावर तिसरे. मराठी रीतीत मधले नाव वडिलांचे आणि लग्नानंतर पतीचे; येथे माळव्यात मधले नाव लिहिण्याची फारशी चाल नाही. आडनावांची कथा आणखी निराळी. ‘रॉड्रिग्ज’ इंग्रजीत लिहिताना शेवटचे अक्षर एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरे. ‘डिसोजा’ कोठे जोडून, कोठे तोडून.

येथील एका घरची हकीकत, ओळख पटणार नाही अशा बेताने, सांगतो. आजोबा गिरणीच्या कामासाठी नगर जिल्ह्यातून आले आणि कुटुंब येथेच स्थिरावले. नातीचा जन्म मात्र तिच्या आजोळी झाला. ग्रामपंचायतीच्या वहीत ‘मुलगी’ एवढीच नोंद. नाव घालण्याचे राहून गेले. स्नानसंस्काराच्या वहीत नाव मारिया. उज्जैनच्या शाळेत आणि पासपोर्टावर सुशीला. (दोन्ही नावे मी बदलली आहेत.) विवाह झाला, पती अमेरिकेस परतला आणि दीड वर्ष दोघे दूरध्वनीवरच संसार करीत राहिले. मुलाखत जवळ आली तेव्हा कागद लावून देणाऱ्या एका मध्यस्थाने सुचविले, “फादरना सांगून चर्चच्या वहीत सुशीला लिहून घ्या; कोण पाहायला येतो?” आई माझ्याकडे आली. तिच्या डोळ्यांत पाणी होते. तिने विचारले, “एका शब्दाने मुलीचा संसार उभा राहत असेल, तर त्यात पाप कसले?”

प्रश्न साधा नव्हता, आणि त्या माउलीच्या व्यथेला मी हलके लेखीत नाही. परंतु त्या शब्दाचे मोल काय, ते तिला समजावून सांगणे भाग होते. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने प्रत्येक धर्मगुरूने विवाहाची वही ठेवावी, तीत वधूवरांची व साक्षीदारांची नावे, दिवस आणि स्थळ लिहावे, असा नियम केला. त्यामागे करुणा होती. त्या काळी गुप्त विवाह करून पुरुष पुढे नाकबूल होत आणि स्त्रियांचे हाल होत. १९०७ च्या आज्ञेने विवाहाची नोंद स्नानसंस्काराच्या वहीतही करण्याचे ठरले, जेणेकरून एका गावी विवाहबद्ध झालेला मनुष्य दुसऱ्या गावी अविवाहित म्हणून उभा राहू नये. उज्जैनचा धर्मप्रांत सिरो-मलबार परंपरेचा आणि आपली बहुतेक मराठी कुटुंबे लॅटिन परंपरेची. तथापि हा नियम दोहोंच्या विधिसंहितांत सारखाच आहे. म्हणजे ही वही दुर्बलांचे रक्षण करणारी भिंत होय. एका गरजूसाठी तिच्यातील एक वीट काढली, तर उद्या कोणत्याही लबाडासाठी दुसरी निघेल, आणि मग खऱ्याचा दाखलाही कोणी खरा मानणार नाही.

मग मार्ग कोणता? नोंदीत खरोखरच चूक झाली असेल, तर पुराव्यानिशी महागुरुस्वामींच्या कचेरीकडे अर्ज करता येतो आणि त्यांच्या अनुमतीने समासात दुरुस्तीची टीप लिहिली जाते. मूळ अक्षर खोडले जात नाही. येथे तर चूकही नव्हती. मुलीला दोन नावे होती, एवढेच. म्हणून जशी नोंद तसा दाखला मागविला. मारिया आणि सुशीला ही एकच व्यक्ती, असे आईवडिलांनी प्रतिज्ञापत्र केले. शाळा सोडल्याचा दाखला जोडला आणि पंचायतीच्या नोंदीत नाव नाही हे न लपविता सांगितले. जन्मनोंद नसल्यास वा अपुरी असल्यास तसे संबंधित अधिकाऱ्याकडून लिहून घेऊन स्नानसंस्काराचा दाखला, शाळेचा दाखला आणि वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे दुय्यम पुरावा म्हणून देण्याची वाट असते. अधिकाऱ्याने दोन नावांविषयी विचारले. मुलीने जे खरे ते सांगितले. आणखी एक कागद मागून त्याने प्रकरण थांबविले. तो कागद पाठविल्यावर काही आठवड्यांनी व्हिसा आला. उशीर झाला खरा. परंतु ती आता ज्या घरात नांदते आहे, त्याच्या पायात खोटेपणाचा दगड नाही.

वाचकहो, खोट्याचे भय केवळ परलोकीचे नाही. अमेरिकेच्या १९८६ च्या कायद्यानुसार केवळ प्रवेशासाठी विवाहाचे सोंग करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावास आणि अडीच लाख डॉलरांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि असे सोंग ज्याच्या नावे सिद्ध झाले, त्याच्यासाठी पुढे खऱ्या विवाहावरून केलेला अर्जही मंजूर होत नाही. प्रवेशाच्या वेळी विवाहास दोन वर्षे झाली नसतील, तर वास्तव्याचा परवाना दोन वर्षांपुरताच मिळतो. तो संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत पतिपत्नींनी मिळून पुन्हा अर्ज करावयाचा असतो. ही तारीख घरच्या कॅलेंडरावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी.

काही जण म्हणतात, आमच्या पवित्र विवाहाविषयी परक्याने प्रश्न विचारणे हाच अपमान आहे. अपमान घडलेले आहेत, हे मी नाकारीत नाही. १९७९ साली लंडनच्या हीथ्रो विमानतळावर विवाहासाठी आलेल्या एका भारतीय स्त्रीची लज्जास्पद शारीरिक तपासणी झाली होती आणि तिचा जगभर निषेध झाला. ब्रिटनमध्ये तर विवाहाचा मुख्य हेतू प्रवेश हा नव्हे, असे जोडप्यालाच सिद्ध करावे लागे. तो नियम १९९७ साली रद्द झाला. अशा अन्यायाविरुद्ध बोलणे हे कर्तव्यच होय. परंतु सभ्यतेने विचारलेला प्रश्न म्हणजे अन्याय नव्हे. विवाहापूर्वी आम्ही धर्मगुरूही वधूवरांना वेगवेगळे बसवून शपथेवर विचारतो: तू स्वखुशीने येत आहेस ना? कोणाचा दाब नाही ना? आधीचे बंधन नाही ना? जिने तेथे मोकळ्या मनाने उत्तर दिले, तिला वकिलातीच्या खिडकीपुढे घाबरण्याचे कारण नाही. ओळख कशी झाली, लग्नास कोण आले होते, पती काय काम करतो, हे ती पाठांतर न करता सांगू शकेल. आठवत नसेल ते “आठवत नाही” म्हणावे. लग्नपत्रिका, दोन्ही घरच्या मंडळींसह काढलेली छायाचित्रे, परस्परांना पाठविलेली पत्रे, पैसे पाठविल्याच्या पावत्या, प्रवासाची तिकिटे, विम्यात वारस म्हणून लावलेले नाव — संसार खरा असला की हे कागद आपोआप साठतात. ते फक्त तारखेप्रमाणे लावून ठेवावेत. विकत घेण्याची गरज पडत नाही.

शेवटी मुलींच्या आईवडिलांस एक विनंती. जसे तिचे कागद तपासले जातात, तसे मुलाचेही तुम्ही विवाहाआधी तपासा. त्याच्या धर्मग्रामातून तो विवाहास मोकळा असल्याचा दाखला येतोच. त्याखेरीज त्याची नोकरी, त्याचा पत्ता, त्याचा पूर्वेतिहास यांची चौकशी करण्यास लाजू नका. मुलीचा पासपोर्ट आणि विवाहाच्या दाखल्याची एक प्रत सदैव तिच्याच हाती राहू द्या आणि दुसरी माहेरी ठेवा. परदेशी छळ झाला, तर ती निराधार नाही, हे तिला सांगून ठेवा. अमेरिकेच्या १९९४ च्या कायद्याने नागरिक पतीकडून पीडित पत्नीस त्याच्या संमतीवाचून स्वतः अर्ज करण्याची मुभा दिली आहे, आणि आपल्या परराष्ट्र मंत्रालयाकडे तक्रार नोंदविण्यासाठी ‘मदद’ ही व्यवस्था २०१५ पासून आहे.

आणि ज्यांच्या घरी अजून पाळणा हलतो आहे, त्यांनी आजच पेटी उघडून पाहावे. बाळाची जन्मनोंद झाली का? तीत नाव घातले का? १९६९ च्या कायद्यात नाव मागाहून घालण्याची सोय आहे, पण तिला मुदत आहे. स्नानसंस्काराच्या वेळी धर्मगुरूस जे नाव सांगाल, तेच पंचायतीत आणि शाळेत सांगा. एवढे केलेत, तर वीस वर्षांनी एखाद्या आईवर अश्रू ढाळीत धर्मगुरूच्या दारी येण्याची वेळ येणार नाही. पवित्र कुटुंब दूरदेशी निघालेल्या आपल्या लेकींना सांभाळो.