अर्धी उरलेली बाटली



पावसाळा सुरू झाला की डोळे येण्याची साथ येते. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याजवळच्या आळंदीपासून सगळ्या महाराष्ट्रात लाखांवर लोकांचे डोळे आले. रत्नागिरीकडच्या वाड्यावस्त्यांनाही ही साथ नवी नाही. डोळे लाल, पापण्या चिकटलेल्या, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते.

अशा वेळी आपल्या घरात काय होते? घरधनी कामावरून येताना मेडिकलमधून थेंबांची बाटली आणतो. दोन दिवसांत बरे वाटले की अर्धी बाटली फळीवर जाते. पुढच्या महिन्यात तीच बाटली मुलीच्या डोळ्यात, मग शेजारच्या काकूंच्या डोळ्यात. यात कुणाचा हेतू वाईट नसतो. दवाखान्यात जायचे तर एका दिवसाची मजुरी बुडते. परंतु या अर्ध्या बाटलीनेच पुढे घात होतो. तो कसा, ते समजून घेऊ.

पहिली गोष्ट. साथीत येणारे डोळे बहुधा विषाणूंमुळे येतात. बाटलीतले प्रतिजैविक, म्हणजे अँटिबायोटिक, जिवाणूंना मारते. विषाणूंवर ते चालत नाही. असे डोळे बहुधा आठ-पंधरा दिवसांत आपोआप बरे होतात. आपण समजतो, बाटलीने गुण आला!

दुसरी गोष्ट. आपल्या पापण्यांवर, नाकात आणि कातडीवर जिवाणू नेहमीच राहतात. डोळ्यात घातलेले औषध नाकात आणि घशात उतरते. तिथले कमकुवत जिवाणू मरतात, चिवट तेवढे उरतात. अनुकूल स्थितीत काही जिवाणू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. त्यामुळे उरलेल्या चार-दोन चिवटांची फौज उभी राहायला वेळ लागत नाही.

ही चिवटपणाची विद्या त्यांच्या जनुकांत लिहिलेली असते. एखाद्या जनुकामुळे जिवाणू औषध तोडून टाकणारा रस तयार करतो. दुसऱ्यामुळे आत शिरलेले औषध पंपाने उपसावे तसे बाहेर फेकतो. तिसऱ्या प्रकारात औषध जिथे चिकटते ती जागाच बदलते, जणू कुलूप बदलले आणि जुनी किल्ली निकामी झाली. यातली बरीच जनुके एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे चिठ्ठीसारखी हातोहात जातात. म्हणजे एक जिवाणू शिकला की शेजारचाही शिकतो. पेनिसिलीनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच बजावले होते की, अपुरे औषध घेणारा माणूस जिवाणूंना औषध पचवायला शिकवतो.

हे किती भयंकर ठरते ते अमेरिकेत दिसले. चेन्नईजवळच्या एका कारखान्यातून तिकडे गेलेल्या डोळ्यांच्या थेंबांत स्यूडोमोनास नावाचा जिवाणू शिरला होता. त्याच्याजवळ अगदी शेवटी राखून ठेवलेली औषधेही तोडणारी जनुके होती. मे २०२३ पर्यंत १८ राज्यांत ८१ माणसांना त्याची लागण झाल्याचे आढळले. १४ जणांची दृष्टी गेली, चौघांचा डोळा काढावा लागला आणि चौघे दगावले. हे थेंब नुसता डोळ्यांचा कोरडेपणा घालवण्यासाठी होते!

आता आपल्याकडे वळू. रत्नागिरीत आपली माणसे भातशेतीत, आंब्याच्या बागांत, चिऱ्याच्या खाणीवर राबतात. कापणीत भाताचे पाते डोळ्याला लागते, झोडणीत तूस उडते, खाणीत दगडाची कपची उडते. बुबुळाला बारीकशी ओरखड जाते, तिच्यात जंतू शिरतात आणि डोळ्यात फूल पडते. ही जखम साथीच्या डोळ्यांसारखी आपोआप बरी होत नाही. तिच्यात कधी जिवाणू असतात, कधी बुरशी. बुरशीवर जिवाणूंचे औषध चालत नाही. बाटलीत डेक्सामिथासोन किंवा बीटामिथासोन असे स्टेरॉइड मिसळलेले असेल, तर लाली उतरते, बरे वाटते आणि आत जखम खोल जाते. डॉक्टर जखमेवरचे थोडे खरवडून तपासतात, जंतू कोणता आणि त्याला कोणते औषध लागू पडते ते पाहतात. फळीवरच्या बाटलीला हे कसे कळणार?

म्हणून एवढे पाळा :

साथीत हात साबणाने धुवा. टॉवेल, उशी, काजळ वेगळे ठेवा. डोळे स्वच्छ, थंड पाण्याच्या घडीने पुसा.

डोळ्यात मध, अंगावरचे दूध किंवा कसला रस घालू नका. नजर उतरवण्यात दिवस घालवू नका.

डोळ्याला काही लागले, उजेड सहन होईना, दिसायला अंधुक झाले, बुबुळावर पांढरा ठिपका दिसला किंवा तान्ह्या बाळाच्या डोळ्यांतून पू आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रत्नागिरीच्या जिल्हा शासकीय रुग्णालयात डोळ्यांचा विभाग आहे.

डॉक्टरांनी थेंब दिले तर सांगितले तितक्या वेळा, तितके दिवस घाला. बाटलीचे टोक पापणीला लावू नका. एका माणसाची बाटली एकालाच. उघडून महिना झाला की फेकून द्या.

चिठ्ठीवाचून औषध मागू नका. ज्या औषधाच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते, ते डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घ्यायचे नसते.

एका दिवसाची मजुरी बुडाली तर ती पुन्हा कमावता येते. डोळ्यात पडलेले फूल मात्र जन्मभर राहू शकते, आणि कापणाऱ्या, शिवणाऱ्या, गाडी हाकणाऱ्या माणसाचा डोळा गेला तर घराची भाकरी जाते. हा अंक वाचून झाला की उठा आणि घरातली फळी तपासा. तिथली जुनी बाटली आजच टाकून द्या.