घरचा मिस्त्री : शेवटचा हात

या सदरात गेल्या दिवाळीला गळक्या नळाची गोष्ट सांगितली होती, त्याच्या आधी बर्फ काढायच्या मशीनची. दोन्ही वेळा शेवटी शाबासकी माझ्याच पदरात पडली होती. या वेळची गोष्ट तशी नाही. या वेळी चांगली चालणारी गाडी मीच बंद पाडली आणि ती सुरू केली दुसऱ्याच माणसाने.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधीचा शनिवार. मिशिगनमध्ये तोवर सकाळी गवतावर हिमकण दिसायला लागतात, म्हणून थंडीच्या आधीची गाडीची कामं मी त्या सुमारास घरीच उरकतो. इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर, एअर फिल्टर, वायपर, आणि बॅटरीच्या टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवट बुरशी साफ करणं. घरात तळण काढलं की स्मोक अलार्म बोंबलतो, म्हणून आईने चकलीचा घाणा गॅरेजमध्ये मांडला होता. त्यामुळे माझी गाडी बाहेर ड्राइव्हवेवर. अण्णा खिडकीशी खुर्चीत.

अण्णांबद्दल थोडं सांगायला हवं. ते एसटीत कराड डेपोला मेकॅनिक होते, हेल्पर म्हणून लागले आणि हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. जून महिन्यात दोघं आमच्याकडे आले, तेव्हापासून अण्णांना हाताला काम नव्हतं. सकाळी ते खिडकीतून बाहेर आले आणि म्हणाले, "नट जपून आवळ रे, जुना आहे तो." मी ऑइलने माखलेले हात पुसत म्हणालो, "अण्णा, इथल्या गाड्या वेगळ्या असतात. तुम्ही आत बसा, थंडी आहे." ते काही न बोलता आत गेले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुपारी चारला काम संपलं. किल्ली फिरवली. डॅशबोर्डचे सगळे दिवे लागले, रेडिओ बोलला, आणि इंजिनाच्या जागी नुसतं 'टक'. पुन्हा फिरवली, पुन्हा 'टक'. बायको नर्स आहे, तिची रात्रीची ड्यूटी सातला सुरू होते. दुसरी गाडी मुलाबरोबर ॲन आर्बरला. म्हणजे हातात ही एकच गाडी आणि तीन तास.

पहिला तास मी ऑइलला दोष देण्यात घालवला. चुकीचं ऑइल पडलं का, जास्त पडलं का, म्हणून डिपस्टिक चार वेळा पुसून पाहिली. पातळी बरोबर होती. मग शेजारच्या गृहस्थांना हाक मारली. त्यांनी त्यांची गाडी आणून जंपर केबल लावल्या आणि माझी गाडी एका झटक्यात सुरू झाली! मी मनातल्या मनात निकाल देऊन टाकला : बॅटरी संपली. वीस मिनिटं इंजिन चालू ठेवलं, बंद केलं, पुन्हा किल्ली फिरवली. 'टक.'

सव्वासहाला बायकोची एक सहकारी तिला न्यायला आली. बायको काही बोलली नाही. डबा घेतला आणि गेली. ती बोलली असती तर बरं वाटलं असतं.

मी नवी बॅटरी आणायला शेजाऱ्यांची गाडी मागायला निघालो, तेवढ्यात अण्णा टॉर्च घेऊन बाहेर आले. अंगात माझंच जुनं जाकीट, कानाला मफलर.

"शेवटचा हात कुठं लागला?"

"म्हणजे?"

"काल गाडी चालत होती. आज तू हात लावलास आणि बंद पडली. कुठं कुठं हात लावलास ते सांग की."

मी सांगितलं. ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, वायपर.

"आणि?"

"बस, एवढंच."

त्यांनी टॉर्च पायरीवर मारला. तिथे खायच्या सोड्याच्या पाण्याची वाटी होती आणि काळा पडलेला जुना टूथब्रश. "मग हे काय दात घासायला आणलं होतंस?"

टर्मिनल साफ केल्याचं मी सांगितलंच नव्हतं. ते माझ्या हिशेबात काम नव्हतंच, नुसती झाडपूस होती. आणि खरं सांगायचं तर सकाळी 'नट जपून' म्हटलेला नट तोच होता.

अण्णांनी बॉनेट उघडलं. पाना मागितला नाही, काही नाही. बॅटरीच्या प्लसच्या खुंटावर बसलेला केबलचा क्लॅम्प दोन बोटांत धरला आणि फिरवला. तो बाटलीच्या झाकणासारखा फिरला.

"पण मी घट्ट आवळला होता," मी म्हणालो. आवळला होताच. दहाच्या पान्याने, जोर लावून.

"नट घट्ट आहे. क्लॅम्प घट्ट नाही."

ही दोन वाक्यं मला समजायला वेळ लागला, म्हणून नीट सांगतो. बॅटरीचा शिशाचा खुंट वर निमुळता असतो. मी क्लॅम्प पुरता खाली न बसवता अर्ध्यावरच ठेवला होता. त्याचा बोल्ट गंजलेला होता, त्यामुळे नट गंजाला अडकून थांबला आणि पान्याला 'घट्ट' असा निरोप देऊन मोकळा झाला. क्लॅम्पची तोंडं मात्र खुंटाला आवळलीच गेली नव्हती. धातूला धातू जेमतेम एका कडेला टेकत होता.

"पण मग दिवे कसे लागतात?" मी विचारलं. अण्णा म्हणाले, "नळात कचरा अडकला तरी तांब्या भरतो. त्याच नळाला पाइप लावून बाग भिजवायला जा, मग कळतं." हिशेब खरोखर तसाच आहे. आतल्या छोट्या दिव्याला एक अँपिअरही लागत नाही, जुन्या हॅलोजन हेडलाइटच्या जोडीला नऊ-दहा लागतात, पण इंजिन फिरवणाऱ्या सेल्फला लहान गाडीतही शे-दीडशे आणि पहिल्या क्षणी त्याहून जास्त. जेमतेम टेकलेल्या कडेतून दिव्यापुरता प्रवाह जातो, सेल्फपुरता जात नाही. म्हणून दिवे लखलखीत आणि सेल्फ मुका.

आणि जंपर केबलने गाडी सुरू कशी झाली? इथे माझ्यासारखे बरेच जण फसतात. शेजाऱ्यांनी लाल चिमटा माझ्या क्लॅम्पला लावला होता, काळा इंजिनाच्या धातूला. म्हणजे त्यांची वीज माझ्या बॅटरीच्या खुंटाला न विचारता थेट केबलमध्ये शिरली. सैल सांधा वळसा घालून टळला. जंपरने गाडी सुरू झाली म्हणजे बॅटरी मेली, असं नाही. बॅटरी आणि केबल यांच्यातला सांधा बिघडला असला तरी नेमकं हेच घडतं. मी दोनशेच्या आसपास डॉलर मोजून नवी बॅटरी आणली असती आणि तिच्यावरही तोच क्लॅम्प तसाच अर्ध्यावर बसवला असता.

पुढचं काम पंधरा मिनिटांचं. आधी मायनसची केबल काढली. हा क्रम मोडायचा नाही : काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. प्लसचा नट सोडवताना पाना चुकून गाडीच्या पत्र्याला लागला आणि मायनस जोडलेली असली, तर ठिणग्यांची दिवाळी तिथेच. मग प्लसचा क्लॅम्प काढला, स्क्रू-ड्रायव्हरने त्याची तोंडं किंचित फाकवली, आतून पॉलिश पेपर फिरवला, बोल्टचा गंज काढला, क्लॅम्प खुंटाच्या बुडापर्यंत दाबून बसवला आणि नट आवळला. टॉर्च मी धरला होता. सगळं अण्णांनी केलं, आणि पाना फिरवताना त्यांचे हात अजिबात थरथरले नाहीत. एरवी चहाचा कप धरताना थरथरतात.

किल्ली मी फिरवली. गाडी सुरू झाली. आई गॅरेजमधून झारा हातात घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "झालं? मग आता दोघं हात धुऊन चकली खा."

त्या रात्री अण्णा जुन्या दिवसांबद्दल बोलत बसले. सेल्फ दमला की गाडीला पुढून हँडल मारायचं. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, त्याला वेढा घालायचा नाही, कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो. मी त्यांना सांगितलं की विजेचा सेल्फ सर्रास बसवायला सुरुवात झाली ती आमच्याच डेट्रॉइटच्या कॅडिलॅकच्या १९१२च्या गाड्यांपासून, आणि तो बनवला चार्ल्स केटरिंग यांनी. "म्हणजे तुमच्या गावानं आमचे अंगठे वाचवले," अण्णा म्हणाले.

आता तुमच्या कामाचं. घरी गाडीचं काही काम केलं आणि नंतर ती सुरू होत नसेल, तर आधी कागद घ्या आणि जिथे जिथे हात लागला ते सगळं लिहा. झाडपूससुद्धा. मग शेवटून सुरुवातीकडे या. त्याआधी गाडी काय म्हणते ते ऐका.

दिवेही नाहीत, आवाजही नाही : बॅटरीचे दोन्ही क्लॅम्प हाताने फिरवून पाहा. हाताने फिरला तर तो सैलच. मायनसची केबल गाडीच्या पत्र्याला जिथे जोडली आहे, ते टोकही पाहा.

दिवे आहेत, पण एक 'टक' किंवा भरभर 'टकटक' : सांधा खराब किंवा बॅटरी कमजोर. मल्टिमीटर असेल तर गाडी बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. मग एक टोक शिशाच्या खुंटावर, दुसरं त्याच्याच क्लॅम्पवर धरा आणि कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगा. आकडा जवळपास शून्य राहिला तर सांधा ठीक. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर चोर सापडला.

दिवे लखलखीत, पण टकही नाही : गिअर 'पी'मध्ये पक्का बसलाय का पाहा, 'एन'मध्ये टाकून पाहा. बटणाची गाडी असेल तर ब्रेक पुरता दाबा आणि किल्लीतला सेल तपासा.

इंजिन जोरात फिरतं, पण पेटत नाही : स्पार्क प्लग बदलले असतील तर कॉइलचे प्लग 'खट्' आवाज करून बसलेत का पाहा. डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल तर गाडीला किल्ली ओळखता येत नाहीये.

पेटतं आणि लगेच विझतं : एअर फिल्टर बदलला असेल तर त्याच्या डब्यालगतच्या सेन्सरची वायर आणि जाड रबरी नळी जागेवर आहे का पाहा. फिल्टर काढताना ती वायर बरेच जण सोडवतात आणि लावायला विसरतात.

नुसतं ऑइल बदलल्याने गाडी सहसा बंद पडत नाही. पण सुरू झाल्यावर ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत गेला नाही तर इंजिन ताबडतोब बंद करा आणि गाडीखाली पाहा. कधी जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहते, नव्या फिल्टरची तिच्यावर बसते, आणि दोन रिंगांमधून ऑइल भळाभळा वाहतं.

हे सगळं थंडी पडायच्या आत करा. शून्याखाली १८ अंशांवर बॅटरीची ताकद निम्म्याच्या आसपास येते, आणि उन्हाळ्यात चालून गेलेला सैल सांधा जानेवारीत दगा देतो.

अण्णा थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात परत गेले. त्याआधी ते रोज सकाळी गॅरेजमध्ये जायचे. माझे पाने नंबरवार लावले, बर्फाच्या मशीनचा प्लग साफ केला आणि भिंतीवर खिळा ठोकून एक वही टांगली. डेपोत प्रत्येक गाडीची नोंद असायची, तशी ही माझ्या गाडीची : तारीख, मैल, कुठे हात लागला. पहिली नोंद त्यांच्या अक्षरात आहे : "+ क्लॅम्प नीट बसवला. बोल्ट जुना, बदलणे."

बोल्ट मी बदलला. ती नोंद मी वहीत केली आणि फोटो काढून त्यांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "क्लॅम्प हातानं फिरवून बघितलास का?"

नव्हता बघितला. खाली गेलो, बघून आलो.

शुभ दीपावली. पुढच्या वर्षी भेटूच.