राज्यपाल होणाऱ्याची कुंडली आपण का पाहावी?

हातखंब्याच्या तिठ्यावर उभे राहून सरपंचपदाच्या उमेदवाराबद्दल विचारून बघा. घराणे कोणते, कलमे किती, सोसायटीचे कर्ज थकले आहे का, सगळे चहा संपायच्या आत कळते. पण अमुक गृहस्थ राज्यपाल झाले अशी बातमी आली की आपण पान उलटतो. "असेल कोणी मोठा माणूस, आपल्याला काय त्याचे?" शेतकरी बंधूंनो, त्याचे आपल्याला पुष्कळ काही आहे.

आधी एक फरक समजून घ्या. अमेरिकेत राज्याचा गव्हर्नर लोक निवडून देतात. तिथे उमेदवाराचे सारे आयुष्य प्रचारात उलगडले जाते. आपल्याकडे घटनेच्या १५५ व्या कलमाप्रमाणे राज्यपालांना राष्ट्रपती नेमतात, म्हणजे व्यवहारात दिल्लीचे सरकार नाव ठरवते. अट काय? भारताचा नागरिक आणि वय ३५ पूर्ण. ग्रामपंचायतीला उभे राहायचे तर अपत्यांची माहिती द्या, शौचालयाचा दाखला जोडा, मालमत्तेचे आणि गुन्ह्यांचे प्रतिज्ञापत्र करा. राज्यपालपदाला निवडणूकच नाही, त्यामुळे असा कागद मतदारासमोर येत नाही.

गंमत अशी, की १९४७ साली घटना समितीने राज्यपाल थेट मतदानाने निवडावा असेच आधी मान्य केले होते. मे १९४९ मध्ये तो विचार बदलला. मुख्यमंत्र्यांमागे बहुमत आणि राज्यपालही लोकांनी निवडलेला, मग दोघांचे जुंपले तर कारभार कोणी करायचा, अशी भीती होती. ग्रामसेवक मंडळींना हे समजावून सांगायला नको. थेट सरपंच २०१७ साली आला, २०२० साली गेला, २०२२ साली परत आला. सरपंच एका गटाचा आणि सदस्य दुसऱ्या गटाचे असले की सभेत काय होते, ते आपण पाहतोच. म्हणजे नेमणुकीमागे कारण होते. पण नेमणूक आली तशी चौकशी गेली.

आता एक उदाहरण घेऊ. हरिभाऊ बागडे. लोक त्यांना 'नाना' म्हणतात. जन्म १७ ऑगस्ट १९४५ चा, शेतकरी घरातला. संभाजीनगर जिल्ह्यातले चित्तेपिंपळगाव हे त्यांचे गाव. लहानपणी वर्तमानपत्रे विकली, पुढे संघ आणि जनसंघाच्या वाटेने भाजपात आले. १९८५ साली पहिल्यांदा आमदार झाले. १९९५ च्या युती सरकारात मंत्रीही होते. २००९ साली फुलंब्रीत पराभव पाहिला, २०१४ आणि २०१९ साली तिथूनच निवडून आले. २०१४ ते २०१९ विधानसभेचे अध्यक्ष. आणि ३१ जुलै २०२४ रोजी त्यांनी राजस्थानचे राज्यपाल म्हणून शपथ घेतली. मातीत हात घातलेला माणूस त्या खुर्चीपर्यंत गेला, याचा आनंद कोणालाही व्हावा.

पण नुसता आनंद मानून भागत नाही. १९८८ साली अहवाल दिलेल्या सरकारिया आयोगाने राज्यपाल कसा असावा याची कसोटी सांगितली आहे. माणूस नामवंत असावा, त्या राज्याबाहेरचा असावा आणि नजीकच्या काळात राजकारणात फार गुंतलेला नसावा. बागडे बाहेरचे ही अट पुरी करतात. तिसरी मात्र नाही, कारण नेमणूक झाली तेव्हा ते आमदारच होते. अध्यक्ष असताना नोव्हेंबर २०१४ मध्ये फडणवीस सरकारचा विश्वासठराव आवाजी मतदानाने मंजूर झाल्याचे त्यांनी जाहीर केले. मतविभागणी का नाही, म्हणून विरोधकांनी तेव्हा गदारोळ केला होता. ही गोष्टही कुंडलीतच धरायला हवी.

हे एकाच पक्षाचे आहे असे समजू नका. सुशीलकुमार शिंदे यांनी सोलापूरच्या कोर्टात पट्टेवाला म्हणून सुरुवात केली, मुख्यमंत्री झाले. मुख्यमंत्रिपद सुटताच २००४ मध्ये आंध्रचे राज्यपाल आणि २००६ मध्ये केंद्रात मंत्री. श्रीनिवास पाटील सनदी अधिकारी होते, मग खासदार झाले. २०१३ ते २०१८ सिक्कीमचे राज्यपाल आणि २०१९ मध्ये पुन्हा साताऱ्याचे खासदार. तिघेही कष्टाने वर आलेले. प्रश्न त्यांच्या लायकीचा नाहीच. ज्याला उद्या पक्षाकडे परत जायचे आहे, तो आज पंच म्हणून किती मोकळा राहील, एवढाच प्रश्न आहे.

यात आपल्या कोकणाचा काय संबंध? घटनेच्या ३७१(२) कलमाप्रमाणे महाराष्ट्राच्या राज्यपालांवर समतोल विकासाची खास जबाबदारी टाकता येते. त्याखाली १९९४ साली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन विकास मंडळे झाली. आपण 'उर्वरित'मध्ये, म्हणजे पश्चिम महाराष्ट्राच्या पंगतीत. तिथे बंधारे आणि कालवे मोजले, की सरासरीत आपली कातळावरची कोरडी जमीन झाकली जाते. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. ती पुन्हा स्थापावीत असे राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२२ मध्ये ठरवले. निधीच्या न्याय्य वाटपाची ही जबाबदारी राज्यपालांच्या खुर्चीशी बांधलेली आहे. तिथे बसणाऱ्याला पाण्याचे दुर्भिक्ष कळते की नाही, याने फरक पडतो.

म्हणून पुढच्या वेळी नाव जाहीर झाले की चार गोष्टी बघा. माणूस कोणत्या कामातून वर आला? राजकारण सोडून किती दिवस झाले? याआधी पंचाच्या जागेवर बसला तेव्हा कसा वागला? आणि शेती-पाण्याशी त्याची ओळख आहे का? मत आपल्या हातात नाही, पण ग्रामसभेचा ठराव आहे. त्याची प्रत राज्यपालांच्या कार्यालयाला पाठवता येते. कोकणाच्या अनुशेषाचा ठराव करून पोच घ्या आणि दप्तरात लावून ठेवा. विचारणारे गाव आहे, एवढे तरी वर कळू दे.