उतावळ्यांची सोयरीक

२०२३ च्या नोव्हेंबरात मी टेक्सासात पुतण्याकडे उतरलो होतो. तिथल्या ए अँड एम विद्यापीठाने फुटबॉल संघाचे प्रशिक्षक जिंबो फिशर यांना नुकताच नारळ दिला होता. (हा फुटबॉल लांबट चेंडू हातात धरून पळण्याचा!) घरी जमलेली माजी विद्यार्थ्यांची मंडळी नव्या प्रशिक्षकाची नावे अशी पारखत होती, की जणू उपवर मुलीसाठी स्थळेच. एक वयस्क, दुसरा अननुभवी. सर्वांची अट मात्र एकच : पहिल्याच वर्षी जिंकून देणारा हवा.

या अटीशीच माझे भांडण आहे. २०२० चा हंगाम चांगला गेला, म्हणून २०२१ मध्ये फिशरांचा करार थेट २०३१ पर्यंत वाढवला. दोनच वर्षांत मन विटले. त्यांना घालवण्याची किंमत साडेसात कोटी डॉलरांहून अधिक! ‘पैसा देणगीदारांचा आहे, काका,’ पुतण्या म्हणाला. असेना का! त्यात किती गरीब मुलांची फी भरली गेली असती?

उलट अलाबामाचे निक सेबन पाहा. २००७ च्या पहिल्या हंगामात सहा सामने हरले. लुइझियाना-मन्रोसारख्या दुबळ्या संघानेही त्यांना धूळ चारली. तरी त्यांना राहू दिले, आणि पुढे सहा राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळाली.

माणूस जरूर पारखून घ्या. एका हंगामावर भाळून दहा वर्षांचा शब्द देऊ नका. आणि एकदा घेतला, की पहिल्या पराभवालाच त्याची पाठवणी करू नका. उतावळ्या नवऱ्याचे गुडघ्याला बाशिंग! इथे तर त्या बाशिंगाचे बिलही भरावे लागते.