जुन्या चिपेस वीज देतांना

शीळफाट्यावर, जेथें कल्याणचा रस्ता मुंब्रा-पनवेल रस्त्यास मिळतो, त्या बाजूस भंगाराचीं गोदामें आहेत. तेथून आणलेलीं जुन्या संगणकांचीं हिरवीं पटलें दाखवून कांहीं विद्यार्थी मला विचारतात, "सर, ही चिप चालेल काय?" पालकांस हा खेळ निरर्थक वाटतो. माझें मत निराळें आहे. मुलांनीं हा नाद अवश्य करावा. मात्र चिपेस हात लावण्यापूर्वीं तिला वीज पुरविणारें साधन स्वतः बांधावें.

इंटेल कंपनीची ८०८० ही चिप १९७४ सालीं निघाली. तिला अधिक ५, उणे ५ व अधिक १२ असे तीन व्होल्टदाब लागतात. त्यांतहि उणे ५ सर्वांच्या आधीं द्यावयाचा व सर्वांच्या शेवटीं काढावयाचा. तो नसतां इतर दाब आले, तर आंत भलतीकडे प्रवाह वाहून चिप निकामी होऊं शकते. १९७६ च्या ८०८५ या चिपेस एकटे ५ व्होल्ट पुरतात. म्हणून नवशिक्यानें तिच्यापासून आरंभ करावा.

हा नियम मीं वाचला होता, तरी एके सायंकाळीं घाई केली. उणे ५ ची तार जोडावयाची राहिली. धूर नाहीं, आवाज नाहीं. चिप चटका बसण्याइतकी तापली आणि कायमची मुकी झाली. ती माझी नव्हती. एका विद्यार्थ्यानें विश्वासानें आणून दिली होती. त्याची क्षमा मागतांना मला जें कळलें, तें वाचून कळलें नव्हतें.

लागणारें साहित्य थोडें आहे: ७८०५, ७८१२ व ७९०५ हे तीन नियामक, कांहीं डायोड व कपॅसिटर. मुंबईस लॅमिंग्टन रोडवर तें मिळतें. परंतु सारख्या दिसण्यानें फसूं नये. ७८०५ च्या पहिल्या पायास येणारी वीज जोडतात, तर ७९०५ चा पहिला पाय भूमीचा असतो. चिप बसविण्यापूर्वीं रिकाम्या खोबणींत प्रत्येक दाब मीटरनें मोजावा. घरांतील २३० व्होल्टच्या तारांस मात्र मुलांनीं स्पर्श करूं नये. तें काम जाणत्या मोठ्या माणसानेंच करावें.

पालकहो, खडकावर घर बांधणाऱ्याचा दाखला आपण मुलांस सांगतों. येथें तो त्यांस स्वतःच्या हातांनीं शिकतां येतो. कोणी पाहत नसतांहि मोजून, क्रमानें काम करण्याची संवय त्यांस लागली, तर भंगारांतील चिप चालली नाहीं तरी तो वेळ वायां गेला, असें मी म्हणणार नाहीं.