कॅमेरा महागडा की कामाचा?

गेल्या महिन्यात माझा भाचा मिरजेला दुकानात आला तो कोटेशनचा कागद घेऊनच. फुल फ्रेम मिररलेस कॅमेऱ्याची बॉडी सव्वादोन लाख, वर लेन्स दीड लाख, म्हणजे एकूण पावणेचार लाख. "मामू, अम्मीनं दागिने मोडायची तयारी दाखवलीय. राहिलेले हप्त्यानं भरीन," म्हणाला. पोरगा मेहनती आहे, हातही चांगला आहे. पण आज त्याच्याजवळ एक जुना कॅमेरा, त्याच्यासोबत आलेली किट लेन्स आणि एक फ्लॅश, एवढेच भांडवल आहे.

आपल्या समाजातील पुष्कळ तरुण फोटोग्राफीच्या धंद्यात उतरत आहेत. शिवाय ज्यांचा माल आता मोबाइलवरच्या फोटोवरून विकला जातो असे व्यापारी आणि कारागीरही माझ्याकडे कॅमेऱ्याची चौकशी करतात. प्रश्न तोच असतो. व्यावसायिक दर्जाचा घ्यावा की सुरुवातीचा? या दोन्ही प्रकारच्या गिऱ्हाइकांना एकच उत्तर देणारा दुकानदार भेटला तर त्याच्यापासून जरा जपून राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी थोडे यंत्राविषयी. मिररलेस म्हणजे आरसा नसलेला कॅमेरा. जुन्या एसएलआरमध्ये लेन्समागे आरसा असे आणि त्यातून दृश्य डोळ्यापर्यंत येई. २००८ साली पॅनासॉनिकने ल्युमिक्स जी१ आणला तेव्हा हा आरसा निघाला. २०१३ मध्ये सोनीचा फुल फ्रेम ए७ आला, २०१८ मध्ये कॅनन आणि निकॉनही फुल फ्रेम मिररलेसकडे वळले. आज नवी गुंतवणूक करायची तर ती मिररलेसमध्येच करावी, याबद्दल वाद नाही. जुन्या कॅननच्या ईएफ लेन्स असतील त्यांनी त्या विकू नयेत, अडॅप्टर लावून नव्या बॉडीवर त्या व्यवस्थित चालतात. निकॉनवाल्यांनी मात्र आधी तपासावे, कारण ज्या जुन्या लेन्सचा फोकस कॅमेऱ्यातल्या मोटरवर फिरत असे त्या निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवर हाताने फोकस कराव्या लागतात.

आता पैसे कशाचे पडतात ते पाहू. फुल फ्रेमचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा. २०२३ साली आलेल्या कॅनन आर५० या सुरुवातीच्या कॅमेऱ्याचा सेन्सर २२.३ बाय १४.९ मिलिमीटरचा. गुणाकार करून पाहा, मोठा सेन्सर क्षेत्रफळाने अडीचपटीहून थोडा जास्त भरतो. म्हणजे अंधाऱ्या हॉलमध्ये साधारण तितकाच फायदा. पण आर५० सोबत येणारी १८-४५ ची किट लेन्स पूर्ण झूम केल्यावर एफ ६.३ वर जाते, आणि ५० मिलिमीटरची एफ १.८ ची साधी लेन्स तिच्यापेक्षा बारापट उजेड आत घेते. कॅननची ही लेन्स वीस हजारांच्या आसपास मिळते. अडीचपटीसाठी दीड-दोन लाख जास्त मोजायचे की बारापटीसाठी वीस हजार, हा हिशेब कुठल्याही किराणा दुकानदाराला कळेल. फोटोग्राफरला का कळू नये?

अर्थात या स्वस्त लेन्सच्याही खोडी आहेत. छोट्या सेन्सरवर ती ८० मिलिमीटरसारखी वागते. दहा बाय बाराच्या खोलीत हळदीला बसलेल्या बायकांचा फोटो काढायचा तर पाठ भिंतीला टेकते आणि तरीही निम्मी मंडळी चौकटीबाहेर राहतात. शिवाय एफ १.८ वर पहिल्या रांगेचे डोळे स्पष्ट येतात आणि मागच्या रांगेतले मामा-चाचा पुसट होतात. स्टेजवरच्या ग्रुप फोटोला एफ ५.६ आणि चांगला फ्लॅशच हवा. आणि फ्लॅशची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. आर५० वर जुने फ्लॅश सरळ बसत नाहीत, वेगळा अडॅप्टर घ्यावा लागतो. कपाटातले फ्लॅश सोबत नेऊन दुकानातच लावून पाहावेत. लग्नाच्या दिवशी हे कळून उपयोग नाही.

तरीही लग्नाच्या कामासाठी मी भाच्याला सुरुवातीचा कॅमेरा घे असे सांगितले नाही. त्याचे कारण सेन्सर नव्हे. कारण कार्ड.

२०१५ सालची गोष्ट. सांगलीतला एक निकाह मी एकाच कार्डाच्या कॅमेऱ्यावर काढला. मुलीचे वडील कुवेतला नोकरीला होते, पंधरा दिवसांच्या रजेवर आले होते. रात्री दुकानात येऊन कार्ड संगणकाला लावले तर ते कोरे. पुण्याला पाठवून पैसे खर्च केले तेव्हा एक-तृतीयांश फोटो परत आले, त्यात जेवणाच्या पंगती होत्या, पण रुखसतीचा एकही नव्हता. मी सगळे पैसे परत केले. त्या भल्या माणसाने घेतले नाहीत. फक्त विचारले, "भाई, मुलीला निरोप दिला तो एक तरी सापडतो का पाहा ना." दोन दिवसांनी त्यांचे विमान होते. ते वाक्य मला आजही झोपू देत नाही.

दोन कार्डांचा कॅमेरा प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर एकाच वेळी लिहितो. सुरुवातीच्या कॅमेऱ्यांत ही सोय नसते. कॅनन आर५०, सोनीचा झेडव्ही-ई१०, ए६४००, निकॉन झेड५०, सगळ्यांत एकच जागा. पण महाग म्हणजे दोन कार्डे, असेही धरून चालू नये. २०१८ सालचे कॅनन ईओएस आर आणि निकॉन झेड६ फुल फ्रेम असून एका कार्डाचेच निघाले. २०२० मध्ये कॅनन आर६ आणि निकॉन झेड६ मार्क दोन आले तेव्हा दुसरी जागा आली. सोनी ए७ मार्क तीन मात्र २०१८ पासूनच दोन कार्डांचा आहे, आणि त्याची बॅटरी २२८० मिलिअँपिअर-अवरची. ए६४०० ची १०२०. निकाहपासून वलीम्यापर्यंत उभे राहणाऱ्याला हा फरक दुपारी तीन वाजता कळतो.

म्हणून माझा सल्ला असा. दुसऱ्याची न परतणारी वेळ टिपण्याचे पैसे घेत असाल तर दोन कार्डांचीच बॉडी घ्या, पण ती नवीच पाहिजे असे नाही. चार-पाच वर्षे वापरलेली व्यावसायिक बॉडी नव्या सुरुवातीच्या कॅमेऱ्यापेक्षा या कामाला बरी. घेताना मूळ बिल मागा, बिलावरचा आणि बॉडीवरचा नंबर जुळवा, शटर किती वेळा पडले ते विचारा, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून सेन्सरवर डाग आहेत का पाहा. आपली दोन कार्डे घालून दोन्हींवर फोटो उतरतात हे तिथेच तपासा.

मालाचे फोटो काढणाऱ्यांची गोष्ट वेगळी. मालेगावची साडी, कोल्हापुरी चप्पल, अत्तराची कुपी यांना घाई नसते. फोटो बिघडला तर पुन्हा काढता येतो. कॅमेरा ट्रायपॉडवर, बाजूला खिडकीचा उजेड किंवा सॉफ्टबॉक्स, खाली पांढरा कागद, एवढ्यावर सुरुवातीचा कॅमेरा लाखांच्या कॅमेऱ्याच्या तोडीचे काम देतो. २४ मेगापिक्सेलच्या फोटोतून ३०० डीपीआयने तेरा बाय वीस इंचांपर्यंत छापता येते. आपली कॅटलॉगे त्याहून लहानच असतात. अशा कारागिराने दोन-अडीच लाखांची बॉडी घेणे म्हणजे सुई-दोऱ्याच्या कामाला लेथ मशीन बसवणे होय. जरीचा रंग खरा दिसावा असे वाटत असेल तर पैसे चांगल्या दिव्यांवर घाला.

आणखी एक काम आहे, त्याकडे आपले लक्ष कमी जाते. लग्नात बायकांच्या बाजूला फोटो काढायला बाई मिळेल का, अशी विचारणा माझ्याकडे दर सीझनला होते आणि बहुतेक वेळा मला नाही म्हणावे लागते. घरातली एखादी मुलगी शिकायला तयार असेल तर हलका, सुरुवातीचा कॅमेरा तिला शिकायला चांगला. पुढे मोठी बॉडी आली तरी हा दुसरा कॅमेरा म्हणून उपयोगी पडतो, आणि लग्नात दुसरा कॅमेरा लागतोच.

भाच्याचे म्हणणे होते, "गिऱ्हाईक कॅमेरा बघून भाव ठरवतं." यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. यशिका मॅटच्या काळातही छाती भरून दिसणारा कॅमेरा गळ्यात असला की लोक साहेब म्हणत. पण गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येते ते अल्बम पाहून.

राहिला हप्त्यांचा प्रश्न. आमच्या भागात दोन दिवसांच्या लग्नाचे पंचवीस-तीस हजार मिळतात. मदतनीस, अल्बम, प्रवास जाता बारा-साडेबारा हजार हाती राहतात. पावणेचार लाख म्हणजे तीस लग्ने, तीही घरखर्चाला एक रुपया न काढता. रमजानमध्ये आपल्याकडे लग्ने नाहीत, मोहरममध्ये रूढीने बहुतेक लोक करत नाहीत, चातुर्मासात हिंदू बांधवांच्या ऑर्डरी थांबतात. हप्ता मात्र कुठल्याच महिन्यात थांबत नाही. दुकानावर "बिनव्याजी हप्ते" असा फलक असला तरी रोखीचा भाव आणि हप्त्याचा भाव वेगवेगळा विचारावा. शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले होते. ज्यांना सूद टाळायचा आहे त्यांनी तर प्रोसेसिंग फी आणि गेलेली सूट यांचा हिशेब कागदावर मांडूनच सही करावी.

भाच्याने कोटेशन अजून फाडलेले नाही. येत्या गुरुवारी कोल्हापूरला एक वापरलेला ए७ मार्क तीन पाहायला आम्ही दोघे जाणार आहोत. दागिने तोवर कपाटातच आहेत. त्याला सांगितले आहे, खिशात दोन रिकामी कार्डे घेऊन ये.